नॉर्वेचे पाणी, युरोपचा भाव

आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेला, नॉर्वेच्या अगदी टोकाशी हामरफेस्ट नावाचे एक छोटे बंदर आहे. तेथे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मावळलेला सूर्य पुन्हा उगवतो तो जानेवारीतच. १८९० साली लागलेल्या मोठ्या आगीत हे गाव जवळजवळ अर्धे बेचिराख झाले. नव्याने उभारणी करताना तेथील नगरपालिकेने त्या काळी धाडसी वाटावा असा निर्णय घेतला. रस्त्यांवर तेलाचे दिवे लावण्याऐवजी विजेचे दिवे लावायचे, आणि त्यासाठी लागणारी वीज जवळच्या वाहत्या पाण्यावर निर्माण करायची. १८९१ साली हे दिवे लागले. उत्तर युरोपातील अनेक मोठी शहरे तेव्हा गॅसच्या उजेडात वावरत होती.

वाहत्या पाण्यातून आणि सार्वजनिक मालकीतून वीज हे नॉर्वेचे सूत्र तेव्हापासून फारसे बदललेले नाही. २०२१ साली या देशात सुमारे १५,७०० कोटी युनिट वीज निर्माण झाली. सर्वसाधारण वर्षी त्यातील ९० टक्क्यांच्या आसपास वाटा जलविद्युतकेंद्रांचा आणि उरलेल्यातील बहुतांश पवनचक्क्यांचा असतो. कोळसा आणि अणुऊर्जेचे नाव नाही. देशाची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. दरडोई विजेचा वापर मात्र वर्षाला २० हजार युनिटांच्या वर जातो. भारतात तो सुमारे १,४०० युनिट आहे. तेथे घरे विजेवर तापवली जातात, अ‍ॅल्युमिनियमच्या भट्ट्या विजेवर चालतात आणि २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी पूर्णपणे विजेवर धावणाऱ्या होत्या.

वीज भरवशाची असावी, परवडणारी असावी आणि निसर्गातून पुन्हा पुन्हा मिळणारी असावी, या तीन अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. नॉर्वे शंभर वर्षे त्यांत अग्रभागी राहिला. तरीही जानेवारी २०२५मध्ये याच देशातील आघाडी सरकार फुटले ते ऊर्जेच्या प्रश्नावरून. पाणी आटले नव्हते, धरणे फुटली नव्हती. मग नेमके काय बिनसले?

डोंगरावरची ठेव

या कोड्याची सुरुवात भूगोलापासून करावी लागते. अटलांटिक महासागरावरून येणारे ओलसर वारे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डोंगरांना धडकतात आणि तेथे भरपूर पाऊस व बर्फ पाडतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जे घडते त्याचेच हे थंड रूप म्हणता येईल. या डोंगरांच्या माथ्यावर विस्तीर्ण पठारे आहेत, त्यांवर हिमनद्यांनी कोरलेली असंख्य सरोवरे आहेत आणि पठाराच्या कडेला उभा कडा थेट समुद्राच्या खाडीत उतरतो. जलविद्युतनिर्मितीला उंची आणि पाणी या दोनच गोष्टी लागतात. येथे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. सरोवराच्या मुखाशी बांध घातला की धरण तयार होते. नदीखोरे बुडवून, गावेच्या गावे उठवून जलाशय निर्माण करण्याची वेळ तुलनेने कमी वेळा आली, हे या देशाचे मोठे भाग्य होय.

बर्फ वितळते मे आणि जूनमध्ये. विजेची मागणी मात्र जानेवारीत शिखरावर असते. म्हणून उन्हाळ्यात जलाशय भरून घ्यायचे आणि हिवाळाभर ते पुरवून वापरायचे, असे हे वार्षिक गणित आहे. देशात एक हजाराहून अधिक जलाशय आहेत आणि ते सर्व काठोकाठ भरले तर त्यांतून सुमारे ८,७०० कोटी युनिट वीज मिळू शकते. संपूर्ण युरोपातील अशा साठवणक्षमतेपैकी जवळजवळ निम्मी एकट्या नॉर्वेत आहे. त्यांतील सर्वांत मोठा साठा नैर्ऋत्येकडील ब्लोशो जलाशयाचा. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरील या जलाशयातील पाणी खालच्या विद्युतकेंद्रांमधून जात समुद्रापर्यंत पोहोचले की ७८० कोटी युनिट वीज हाती येते. त्याच साखळीतील क्विलडाल हे १,२४० मेगावॉटचे केंद्र देशातील सर्वांत मोठे आहे आणि तेही डोंगराच्या पोटात आहे.

डोंगर पोखरण्याच्या या विद्येची महाराष्ट्राला ओळख आहे. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली आणि नंतर पुन्हा २०१२ साली शिवसागर जलाशयाच्या तळाला खालून बोगद्याने भिडून शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. ‘लेक टॅपिंग’ या नावाने घराघरांत पोहोचलेले हे तंत्र नॉर्वेतील अभियंत्यांनी आपल्या सरोवरांवर शेकडो वेळा वापरून सिद्ध केलेले होते.

जलाशयातील पाण्याला नॉर्वेतील वीजकंपन्या पाणी म्हणून पाहतच नाहीत. त्यांच्या हिशेबात ती बँकेतील ठेव असते. आज पाणी सोडले तर आजचा भाव मिळेल, राखून ठेवले तर कदाचित फेब्रुवारीतील चढा भाव मिळेल. पण अंदाज चुकून पाऊस जास्त झाला तर जलाशय भरून वाहील आणि तेच पाणी फुकट जाईल. दर आठवड्याला, दर दिवशी, दर तासाला हा निर्णय करावा लागतो. यासाठी ‘पाण्याचे मूल्य’ नावाची एक संकल्पनाच तेथे रूढ आहे. पाणी फुकट पडते, पण त्याला किंमत असते. ही किंमत कशावरून ठरते, हाच पुढील साऱ्या वादाचा गाभा आहे.

अर्थात या ठेवीवर कायम विसंबता येत नाही. १९९६ हे कोरडे वर्ष होते आणि त्या वर्षी जेमतेम १०,४०० कोटी युनिट वीज निर्माण झाली. २००० साली पाऊस मनसोक्त झाला आणि आकडा १४,२०० कोटींवर गेला. यंत्रे तीच, माणसे तीच, फरक केवळ आभाळाचा. एवढा चढउतार सोसायचा तर कोरड्या वर्षी शेजाऱ्याकडून वीज घेता आली पाहिजे. ही गोष्ट नॉर्वेच्या आजच्या वादात अनेकदा सोयीस्करपणे विसरली जाते.

धबधबे कोणाचे?

निसर्गाने दिलेले पाणी अनेक देशांकडे आहे. नॉर्वेचे वेगळेपण त्याने केलेल्या कायद्यांत आहे आणि त्या कायद्यांची कथा विजेच्या कथेइतकीच रंजक आहे.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनबरोबरच्या संयुक्त राज्यातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. देश गरीब होता, भांडवल नव्हते. त्याच वर्षी साम आयडे या अभियंत्याने स्वीडिश आणि फ्रेंच भांडवलाच्या आधारे ‘नोर्स्क हायड्रो’ ही कंपनी स्थापन केली. क्रिस्तियान बिर्केलांड या पदार्थविज्ञान शास्त्रज्ञाबरोबर त्याने हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत शोधली होती. तिला विजेचा प्रचंड पुरवठा लागे. त्यासाठी टेलेमार्क प्रांतातील ऱ्यूकानचा प्रसिद्ध धबधबा ताब्यात घेण्यात आला आणि १९११ साली तेथे वेमोर्कचे केंद्र सुरू झाले. १०८ मेगावॉटचे हे केंद्र त्या काळी जगातील सर्वांत मोठे जलविद्युतकेंद्र होते. (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील जड पाण्याचा कारखाना १९४३ साली नॉर्वेच्या कमांडोंनी उडवला, तो येथलाच.) दरी इतकी अरुंद की ऱ्यूकान गावाला निम्मे वर्ष ऊन मिळत नाही. कंपनीने १९२८ साली रहिवाशांना डोंगरावर जाऊन ऊन खाता यावे म्हणून रज्जुमार्ग बांधला आणि २०१३ साली तर डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन उतरवण्यात आले. २०१५मध्ये या औद्योगिक वसाहतीला ‘युनेस्को’च्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

तथापि, परकीय भांडवलाच्या या ओघाने राजधानीतील राजकारणी आनंदित होण्याऐवजी धास्तावले. वापरात आणलेल्या धबधब्यांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास धबधबे परकीय भांडवलाच्या हाती गेले होते. स्वीडनपासून मिळवलेले स्वातंत्र्य परदेशी बँकांच्या हाती गहाण पडणार, अशी भीती व्यक्त होऊ लागली. १९०६ साली संसदेने घाईघाईने परकीयांना धबधबे विकत घेण्यावर निर्बंध आणले. घाईमुळे त्यांना ‘घबराटीचे कायदे’ असे नाव पडले. त्यातून पुढे १९०९ आणि १९१७ चे परवाना कायदे आकाराला आले. गुन्नार क्नुडसेन आणि योहान कास्टबर्ग हे या धोरणाचे प्रमुख शिल्पकार.

या कायद्यांतील कळीचे कलम होते ‘येमफाल’, म्हणजे घरी परतणे. खासगी कंपनीला धबधबा वापरायचा असेल तर खुशाल वापरावा. पण ठरावीक मुदत, बहुधा साठ वर्षे, संपली की धरण, बोगदे, यंत्रे यांसह सारे काही सरकारला विनामूल्य परत करावे. याशिवाय ज्या गावाचे पाणी वापरले जाते त्या गावाला निर्मितीच्या दहा टक्क्यांपर्यंतची वीज उत्पादनखर्चात देणे बंधनकारक झाले. डोंगराळ भागातील अनेक छोट्या नगरपालिका आजही या उत्पन्नावर शाळा आणि वृद्धाश्रम चालवतात. धरणग्रस्त म्हणजे कायमचा वंचित, हे समीकरण तेथे रुजले नाही, त्याचे बरेचसे श्रेय या कलमाला जाते.

२००७ साली ‘एफ्टा’ न्यायालयाने असा निर्णय दिला की खासगी कंपन्यांना एक नियम आणि सरकारी कंपन्यांना दुसरा, हा भेद युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या कराराशी विसंगत आहे. नॉर्वेने २००८ साली कायदा बदलला. पण बदलला तो अशा रीतीने की मोठ्या जलविद्युतकेंद्रांत किमान दोन तृतीयांश मालकी सार्वजनिक असलीच पाहिजे. खासगीकरणाचा दरवाजा उघडण्याच्या बेतात असलेल्या न्यायालयाच्या हातात नॉर्वेने किल्लीच दिली नाही, असे म्हणावे लागेल. आज जलविद्युतक्षमतेपैकी सुमारे ९० टक्के सरकार, प्रांत व नगरपालिका यांच्या मालकीची आहे. ‘स्टाटक्राफ्ट’ ही सरकारी कंपनी त्यांत सर्वांत मोठी.

बाजार आला

मालकी सार्वजनिक राहिली, विक्री मात्र बाजारावर सोपवण्यात आली. १ जानेवारी १९९१ पासून अमलात आलेल्या ऊर्जा कायद्याने नॉर्वे हा वीजबाजार खुला करणाऱ्या जगातील पहिल्या काही देशांपैकी एक ठरला. १९९६ साली स्वीडन सामील झाला आणि देशांच्या सीमा ओलांडणारे जगातील पहिले वीज विनिमय केंद्र उभे राहिले.

हा बाजार समजून घ्यायला वाशीचा भाजीबाजार डोळ्यांसमोर आणावा. समजा शहराला रोज शंभर गोण्या कांदा लागतो. काहींकडे तो स्वस्तात पिकला आहे, काहींकडे महाग. सर्वांत स्वस्त मालापासून सुरुवात करून शंभर गोण्या भरेपर्यंत माल घेतला जातो आणि शंभराव्या गोणीला जो भाव पडेल तोच भाव सर्व शंभर गोण्यांना मिळतो. विजेच्या बाजारात हा लिलाव प्रत्येक दिवसासाठी आदल्या दिवशीच होतो. सर्वांत शेवटी ज्या केंद्राची गरज पडली, त्याचा भाव साऱ्या बाजाराचा भाव होतो.

नॉर्वे एकटा किंवा शेजाऱ्यांपुरता होता तोवर ही शंभरावी गोणीही बहुधा स्वस्तच असे. पण समुद्राखालून केबल टाकून बाजार जसजसा मोठा होत गेला, तसतशी शेवटच्या गोणीची किंमत दूरच्या देशांत ठरू लागली. डेन्मार्कशी जोडणी १९७०च्या दशकातच झाली होती. नेदरलँड्सची केबल २००८ साली आली. २०२१ साली मात्र एकाच वर्षात दोन मोठ्या केबल सुरू झाल्या. जर्मनीला जोडणारी ‘नॉर्डलिंक’ आणि क्विलडालपासून इंग्लंडमधील ब्लाइथपर्यंत जाणारी ७२० किलोमीटर लांबीची ‘नॉर्थ सी लिंक’. दोन्हींची क्षमता प्रत्येकी १,४०० मेगावॉट.

नेमक्या त्याच सुमारास युरोपातील नैसर्गिक वायूचे भाव चढू लागले आणि फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ते आभाळाला भिडले. जर्मनीत शेवटची गोणी वायूवर चालणाऱ्या केंद्राची होती. त्यामुळे नॉर्वेतील धरणाच्या व्यवस्थापकाने आपल्या पाण्याचे मूल्य त्या वायूच्या भावाशी ताडून पाहायला सुरुवात केली. पाणी तेच, धरण तेच, उत्पादनखर्चही तोच. भाव तेवढा बदलला. त्यात दक्षिणेत पाऊस कमी पडला होता. ऑगस्ट २०२२च्या अखेरीस दक्षिण नॉर्वेत घाऊक बाजारातील वीज काही दिवस युनिटला चार क्रोनरच्याही वर गेली. एक क्रोनर म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये.

विशेष म्हणजे त्याच काळात उत्तर नॉर्वेत वीज जवळजवळ मातीमोल होती. देश पाच भावक्षेत्रांत विभागलेला आहे आणि उत्तर व दक्षिण यांना जोडणाऱ्या वाहिन्यांची क्षमता तुटपुंजी आहे. २०२२ या वर्षात दक्षिणेकडील क्रिस्तियानसांडमधील सरासरी घाऊक भाव उत्तरेकडील ट्रोम्सोच्या सुमारे आठपट होता. एकाच देशातील दोन नागरिकांनी, एकाच प्रकारच्या पाण्यातून निर्माण झालेल्या विजेसाठी इतकी वेगळी किंमत मोजावी, हे कोणाच्याही गळी उतरणे कठीण होते.

नॉर्वेच्या सामान्य माणसाचा संताप केवळ पैशांपुरता नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ऑस्लोच्या महापालिकेचे वीजखाते दीर्घकाळ ‘लिसव्हेर्कर’, म्हणजे दिव्यांचे खाते, या नावाने ओळखले जाई. आपल्याकडे वीज गेली की ‘लाइट गेली’ म्हणतात, त्याच चालीचे हे नाव. आजोबांनी कर भरून धरणे बांधली, आपण त्यांची स्वस्त वीज वापरायची, हा तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा अलिखित करार समजला जातो. सरकारचा प्रतिवाद असा की कंपन्या सार्वजनिक असल्याने चढ्या भावाचा नफाही अखेर सरकारी तिजोरीतच येतो. हिशेबाच्या वहीत हे खरे आहे. पण एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकलेले पैसे एकाच माणसाचे असतील तरच ते समाधान टिकते. बेकरीवाल्याचे बिल तिप्पट झाले आणि दूरच्या डोंगरातील नगरपालिकेला नवा तरणतलाव मिळाला, तर बेकरीवाल्याने आनंद कसा मानावा?

सरकार धावले, आणि फुटले

डिसेंबर २०२१पासून सरकारने घरगुती ग्राहकांच्या बिलाचा भार उचलायला सुरुवात केली. युनिटचा भाव ७० ओरेच्या (१०० ओरे म्हणजे एक क्रोनर) वर गेला की वरच्या रकमेचा मोठा हिस्सा सरकार भरणार, अशी ती योजना. आधी ५५ टक्के, मग ८०, आणि सप्टेंबर २०२२पासून ९० टक्के. त्यामुळे घरे सावरली, वाद मात्र शमला नाही. १२ डिसेंबर २०२४ रोजी जर्मनीत वारा पडला, आभाळ झाकोळले, पवनचक्क्या आणि सौरपट्टे दोन्ही थंडावले. त्या संध्याकाळी दक्षिण नॉर्वेत एका तासासाठी करांसह भाव युनिटला सुमारे १३ क्रोनरपर्यंत पोहोचला. केबल तोडून टाका, ही मागणी पुन्हा उसळली.

पुढील महिन्यात युरोपीय संघाच्या ऊर्जाविषयक तीन निर्देशांचा स्वीकार करण्यावरून पंतप्रधान योनास गार स्टोरे यांच्या मजूर पक्षाशी मतभेद होऊन सेंटर पक्ष सत्तेबाहेर पडला. सप्टेंबर २०२५च्या निवडणुकीनंतरही स्टोरे पंतप्रधानपदी राहिले, पण त्याआधीच त्यांनी ‘नॉर्गेस्प्रीस’, म्हणजे ‘नॉर्वेचा भाव’, नावाची योजना जाहीर केली होती. १ ऑक्टोबर २०२५पासून ज्याला हवे त्या घरगुती ग्राहकाला करांव्यतिरिक्त ४० ओरे युनिट असा स्थिर भाव मिळू लागला. वहनशुल्क वेगळे. बाजारभाव त्याहून अधिक असेल तर फरक सरकार सोसणार.

अर्थतज्ज्ञांना ही योजना रुचलेली नाही आणि त्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. थंडीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मोटार चार्ज करणाऱ्याला आणि मध्यरात्री करणाऱ्याला आता सारखाच भाव पडणार. मग वीज वाचवायची, घरात उष्णता पंप बसवायचा, भिंती जाड करायच्या, याची कोणाला निकड वाटणार? वाया गेलेले प्रत्येक युनिट शेवटी धरणातील पाणीच असते. शिवाय बेकरी, दुकाने, छोटे कारखाने या योजनेत नाहीत.

केबल तोडण्याचा उपायही दिसतो तितका सोपा नाही. वादळी रात्री डेन्मार्क आणि जर्मनीतील पवनचक्क्या गरजेपेक्षा जास्त वीज निर्माण करतात, तेव्हा नॉर्वे ती कवडीमोलाने घेतो आणि आपले पाणी राखतो. कोरड्या वर्षी तर याच तारांवर देशाची मदार असते. उगवत्या गरजांचाही विचार आहेच. मोटारी, कारखाने, विदा केंद्रे या साऱ्यांना वीज हवी आहे आणि नव्या मोठ्या धरणांसाठी जागा जवळजवळ उरलेली नाही.

जागेचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे भोगला तो उत्तरेकडील सामी या मूळ रहिवाशांनी. आल्टा नदीवरील धरणाला विरोध करण्यासाठी १९७९ साली सामी तरुणांनी ऑस्लोत संसदेसमोर उपोषण केले. १९८१ साली सुमारे ६०० पोलिसांच्या बळावर आंदोलकांना हटवण्यात आले. धरण १९८७ साली पूर्ण झाले, पण त्या लढ्यातूनच १९८९ साली सामींची स्वतंत्र संसद अस्तित्वात आली. पवनचक्क्यांच्या काळात तोच संघर्ष पुन्हा उभा राहिला. फोसेन द्वीपकल्पावरील १५१ पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या रेनडिअर पालनाच्या हक्कावर गदा आणणारे असल्याने अवैध आहेत, असा निर्णय ११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निदर्शकांनी मंत्रालयांची दारे रोखली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ या काळात नुकसानभरपाई व पर्यायी कुरणांचे समझोते झाले. चक्क्या हटल्या नाहीत. ‘हरित’ या शब्दाने प्रत्येक अन्याय धुऊन निघत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सध्याचा सर्वांत अवघड पेच हामरफेस्टच्या समोरच असलेल्या मेल्कोया बेटावर आहे. समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू थंड करून द्रवरूपात जहाजांत भरणारा कारखाना तेथे २००७पासून चालतो आणि आपली वीज तो वायू जाळून निर्माण करतो. ऑगस्ट २०२३मध्ये सरकारने या कारखान्याला २०३०पासून जलविद्युत पुरवण्याच्या योजनेस मंजुरी दिली. त्यामुळे नॉर्वेचे कार्बन उत्सर्जन वर्षाला साडेआठ लाख टनांनी घटेल, असे सांगण्यात येते. त्यासाठी उत्तरेची स्वस्त वीज मोठ्या प्रमाणावर बेटाकडे वळवावी लागेल, नव्या उच्चदाब वाहिन्या रेनडिअरच्या कुरणांतून न्याव्या लागतील आणि आणखी पवनचक्क्या उभाराव्या लागतील. वाचलेला वायू जहाजातून युरोपात जाईल आणि तेथे जाळला जाईल. उत्तरेतील रहिवाशांना मात्र दक्षिणेचे २०२२ साल चांगलेच आठवते.